आधी झाड, मग झुडूप, मग फूल

रोपवाटिकेत सगळी झाडं सारखीच दिसतात. काळ्या पिशवीतलं कदंबाचं दोन फुटी रोप आणि शेजारचं तगरीचं दोन फुटी रोप यांत नवख्या माणसाला फारसा फरक कळत नाही. किमतीतही मोठं अंतर नसतं. पंधरा वर्षांनी मात्र तगर दारात हात पोहोचेल अशा उंचीवर फुलं देत उभी असते आणि कदंब दुमजली घराच्या वर गेलेला असतो. मग विजेच्या तारा, शेजाऱ्यांचे पत्रे, पानांनी तुंबणारी पन्हळ अशा एकेक तक्रारी सुरू होतात आणि झाड तोडण्याची भाषा निघते. शहरात तेही सोपं नाही. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ सालापासून आहे. आपल्या आवारात आपणच लावलेलं झाड तोडायचं तरी परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने तर पन्नास आणि त्यापुढच्या वयाच्या झाडांना ‘हेरिटेज ट्री’ म्हणून वेगळं संरक्षण दिलं. कायदा योग्यच आहे. आपण एवढं लक्षात घ्यायचं, की कुंडीतलं फुलझाड चुकलं तर बदलता येतं, जमिनीत लावलेलं झाड बदलता येत नाही.

तरीही बहुतेक घरांत बाग उलट्या क्रमाने होते. आधी चार गुलाब येतात, मग जास्वंद, मग कुणीतरी भेट दिलेलं आंब्याचं रोप उरलेल्या कोपऱ्यात जातं. आंबा वाढतो, सावली धरतो आणि गुलाब फुलायचे थांबतात. बागेचं ऊन, सावली आणि ओल ठरवतं ते झाड. म्हणून पहिला विचार झाडाचा करावा, त्याच्या सावलीचा हिशेब धरून झुडपांच्या जागा ठरवाव्यात आणि उरलेल्या उन्हात हंगामी फुलं लावावीत.

आता जागेचा हिशेब. शहराबाहेरच्या वसाहतींत दोन गुंठ्यांचा प्लॉट म्हणजे जेमतेम २,१७८ चौरस फूट. त्यातलं निम्मं घर, थोडी जागा गाडीला, थोडी पाण्याच्या टाकीला आणि शोषखड्ड्याला. उरलेल्या जागेत एक मध्यम झाड आणि एक-दोन लहान झाडं नीट मावतात. त्याहून जास्त लावली तर ती एकमेकांना रेटत उंच आणि किरकोळ होत जातात. मध्यम झाड घराच्या भिंतीपासून पंधरा फूट आणि कुंपणापासून दहा फूट तरी दूर असावं, असं माझं मत आहे. वड, पिंपळ, उंबर यांचं स्थान गावठाणात, देवळापाशी, टेकडीवर. भिंतीच्या फटीत पिंपळ उगवला तर तो काय करतो हे जुन्या वाड्यांत राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पर्जन्यवृक्षाचा पसारा तर ऐंशी-नव्वद फूट सहज जातो. गुलमोहर दिसतो देखणा, पण त्याची मुळं वरवर पसरतात, लाकूड ठिसूळ असतं आणि वळवाच्या वाऱ्यात पहिली पडणारी फांदी बहुधा त्याचीच. घरालगत तो नको. शेवगाही असाच ठिसूळ. त्यावर पावसाळ्यात केसाळ सुरवंटांचे थवे येतात आणि दिवसा खोडाला चिकटून बसतात. शेंगांसाठी शेवगा जरूर लावावा, पण मुलांच्या खेळण्याच्या वाटेवर किंवा खिडकीला लागून लावू नये.

ऊन कुठून येतं, हे तर आपण फारच कमी पाहतो. परदेशी पुस्तकांत नेहमी एक सल्ला असतो: घराच्या दक्षिणेला पानगळीचं झाड लावा, उन्हाळ्यात सावली मिळेल आणि हिवाळ्यात ऊन. तो थंड देशांना ठीक. आपल्याकडे पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैअखेरीस सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर असतो. मधल्या काळात तो किंचित उत्तरेला सरकतो. म्हणजे एप्रिल-मेमध्ये दक्षिणेची भिंत फारशी तापतच नाही. तापतं ते छप्पर आणि दुपारी तीननंतर पश्चिमेची भिंत. सावलीचं झाड हवं ते पश्चिमेला.

पण ते कोणतं? बहावा म्हटलं की प्रत्येकाला मोह होतो. एप्रिल-मेमध्ये पिवळ्या झुंबरांनी लगडलेला बहावा पाहण्यासारखा दुसरा सोहळा नाही. मात्र त्या वेळी त्याच्या अंगावर पानं जवळजवळ नसतात, त्यामुळे ऐन गरजेच्या दिवसांत सावली मिळत नाही. त्याला समोरच्या बाजूला, दिसेल अशा जागी लावावं. पश्चिमेला करंज लावावा. करंजाची पानगळ मार्चच्या सुमारास होते आणि थोड्याच दिवसांत तो कोवळ्या, चकचकीत, हिरव्यागार पानांनी भरून जातो. एप्रिलमध्ये त्याच्याखाली गारवा असतो. कडुनिंबाचंही तसंच. गुढीपाडव्याला आपण जी कोवळी पालवी तोडतो, तीच पुढे मेमध्ये सावली धरते. पण कडुनिंब मोठा होतो, त्याला जागा द्यायला हवी. जागा कमी असेल आणि धीर असेल तर बकुळ लावावी. सदाहरित, दाट, गोल आकाराची, सावकाश वाढणारी. तिची फुलं वाळल्यावरही सुगंध सोडत नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

हिवाळ्यात चित्र पालटतं. डिसेंबरअखेर पुण्यात माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो, तोही दक्षिणेला. वीस फूट उंच घराची सावली तेव्हा उत्तरेला सुमारे अठरा फूट पडते. उत्तरेकडच्या वाफ्यात लावलेली शेवंती आणि गुलाब थंडीत का रुसतात, याचं उत्तर इथे आहे. मे महिन्यात त्या वाफ्यात ऊन पाहून आपण जागा ठरवलेली असते.

मातीकडे वळू. कोकणातली जांभ्याची लाल माती आम्लधर्मी आणि निचऱ्याची. तिथे सोनचाफा, अनंत, एक्झोरा, बकुळ, सुरंगी आपसूक खुलतात. देशावरच्या आणि मराठवाड्यातल्या काळ्या मातीत चुनखडी असली की हीच अनंत आणि एक्झोरा पिवळी पडू लागतात. नीट पाहिलं तर पान पिवळं झालेलं असतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिलेल्या असतात. ही खताची कमतरता नसते. मातीत लोह असतं, पण विम्लधर्मी मातीत ते मुळांना घेता येत नाही. नव्या बांधलेल्या घराभोवती तर हा त्रास हमखास होतो, कारण अंगणाची ‘माती’ म्हणजे सिमेंटचा राडा, विटांचे तुकडे आणि वरून टाकलेला मुरूम. तिथे खत वाढवून काही होत नाही. खड्ड्यातला राडा काढून चांगली माती भरावी लागते, किंवा मग त्या मातीला मानवणारी झाडं लावावीत: कडुनिंब, करंज, बोर, सीताफळ, आपटा. दसऱ्याला ज्याची पानं आपण सोनं म्हणून वाटतो तो आपटा फार मोठा होत नाही, कमी पाण्यावर जगतो आणि लहान अंगणात शोभतो. विकतच्या पानांत कांचनाचीच पानं आपटा म्हणून खपवली जातात, तेव्हा घरचा आपटा असणं ही मोठीच मिळकत आहे.

काळ्या मातीचा दुसरा दोष म्हणजे पाणी धरून ठेवणं. खड्डा खणल्यावर त्यात बादलीभर पाणी ओतून ठेवावं. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर त्या जागी झाड खड्ड्यात लावायचं नाही, फूटभर उंच वरंबा करून त्यावर लावायचं. मुळांनाही हवा लागते, आणि पावसाळ्यात चिबड जमिनीत झाडं मरतात ती गुदमरून.

राज्याचं फूल असलेलं ताम्हण आपल्या अंगणांत इतकं कमी का दिसतं, हे मला कोडंच आहे. सह्याद्रीत आणि कोकणात ओढ्याकाठी ते आपोआप वाढतं. उन्हाळ्यात, महाराष्ट्र दिनाच्या आगेमागे, त्याला जांभळ्या, चुणीदार पाकळ्यांचे घोस येतात. पाणी थोडं जास्त लागतं, पण आकार आटोपशीर राहतो. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत सीता अशोक लावून पाहावा. इथे एक सावधगिरी: अशोक म्हणून सर्रास मिळतं ते उंच, सरळसोट, लांब लोंबत्या पानांचं झाड आसुपालव असतं. खऱ्या अशोकाला नारिंगी-लाल फुलांचे झुबके थेट फांद्यांवर येतात, कोवळी पानं तांबूस आणि लोंबती असतात, आणि लहानपणी त्याला थोडी सावली लागते.

देशी की परदेशी हा वाद या विषयात अटळ आहे. त्यात माझी बाजू स्पष्ट आहे, पण ती सरसकट नाही. ज्या झेंडूशिवाय आपला दसरा होत नाही तो मूळचा मेक्सिकोचा. सदाफुली मादागास्करची, देवळाच्या आवारातला खुरचाफा अमेरिका खंडातला. यांना आता परकं कोण म्हणेल? फुलांतला मध कोणतंही फुलपाखरू पितं, त्याला फुलाचं मूळ गाव विचारावं लागत नाही. अळ्यांचं तसं नसतं. बहुतेक फुलपाखरांच्या अळ्या ठरावीक झाडांचीच पानं खातात, आणि ती झाडं नसली की फुलपाखरू अंडीच घालत नाही. म्हणून फुलझाडांच्या बाबतीत मी मोकळा आहे आणि वृक्षांच्या बाबतीत देशीचा आग्रह धरतो, कारण अंगणातली सगळ्यात जास्त पानं वृक्षावर असतात.

हे पाहायला जंगलात जायला नको. दारातल्या कढीपत्त्याची किंवा लिंबाची कोवळी पानं पावसाळ्यात उलटून पाहा. खसखशीपेक्षा थोडं मोठं, फिकट पिवळं, गोल अंडं एकेकटं चिकटवलेलं दिसेल. त्यातून निघणारी अळी काळपट असते आणि तिच्या अंगावर पांढरा डाग असतो; पानावर पक्ष्याची विष्ठा पडली असावी असंच वाटतं. या सोंगामुळे पक्षी तिला सोडून देतात. शेवटची कात टाकल्यावर ती पानासारखी हिरवी होते. तिला काडी लावली तर डोक्यामागून तांबूस रंगाची दुबेळकी शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. या अळीने खाल्लेली चार पानं म्हणजे रोग समजून आपण औषध फवारतो. कढीपत्ता त्याने मरत नाही, महिन्याभरात नवे धुमारे फुटतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेला ब्लू मॉरमॉन, म्हणजे नीलवंत, लिंबू-पपनसाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतो. पानफुटीच्या जाड पानांत रेड पिएरोची अळी आतून पोखरत जाते, आणि बहाव्यावर फिकट पिवळ्या-पांढऱ्या एमिग्रंट फुलपाखरांच्या अळ्या असतात. एक लिंबू, एक कढीपत्ता आणि एक पानफुटी एवढ्याने अंगणात फुलपाखरं नांदू लागतात.

याउलट कोनोकार्पससारखं झाड. गेल्या काही वर्षांत सोसायट्यांच्या कुंपणाला हिरवी भिंत म्हणून ते रांगेने लावलं गेलं. भराभर वाढतं, कायम हिरवं दिसतं. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. परागकणांमुळे होणारे त्रास आणि मुळांनी होणारं पाइपलाइनचं नुकसान ही त्यामागची कारणं. कुंपणच हवं असेल तर कुंती आहे, करवंद आहे, मेंदी आहे. करवंदाच्या काट्यांतून तर मांजरही आत येत नाही, शिवाय लोणच्याची सोय होते.

फळझाडांत जातीची निवड महत्त्वाची. कोय रुजवून वाढवलेला आंबा फार मोठा होतो आणि फळांसाठी बरीच वर्षं वाट पाहायला लावतो, तीही मूळ झाडासारखी येतील याचा भरवसा नाही. लहान जागेत कलमच लावावं. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून कोकण कृषी विद्यापीठाने काढलेली ‘रत्ना’ हापूससारखी एक वर्षाआड रुसत नाही. ‘आम्रपाली’ मुळातच बुटकी. बागायतदार ती अडीच-अडीच मीटरवर लावतात, यावरूनच तिचा आटोपशीरपणा कळावा. पेरूत सरदार, म्हणजेच लखनौ-४९. नाव लखनौचं असलं तरी ही जात निवडली गेली पुण्याच्या गणेशखिंडीतल्या फळसंशोधन केंद्रात, १९२७ साली. पसरट वाढते, त्यामुळे फळं हाताशी येतात. लिंबात राहुरीच्या कृषी विद्यापीठाची ‘साई सरबती’ चांगली. नारळ छपरावर किंवा गाडीच्या जागेवर झुकेल असा लावू नये, एवढं सांगितलं तरी पुरे.

झुडपं निवडताना मी दोन गोष्टी पाहतो: फुलण्याचा हंगाम आणि सुगंधाची वेळ. मोगरा उन्हाळ्याचा, अनंत पावसाच्या तोंडावरचा, जाई-जुई पावसाळ्याच्या, पारिजातक श्रावणापासून दिवाळीपर्यंतचा, कुंद थंडीचा. तगर आणि जास्वंद जवळजवळ बाराही महिने देवाच्या फुलांची सोय करतात. एवढी सहा-सात झुडपं असली तर अंगण वर्षभर सुगंधाशिवाय राहत नाही. पारिजातकाखाली फरशी करू नये. माती किंवा हिरवळ असावी, पहाटे सडा वेचता येतो. रातराणी निजायच्या खोलीच्या खिडकीशी नको, काहींना तिच्या वासाने डोकं धरतं. कण्हेर आणि पिवळी बिट्टी कमी पाण्यावर भरपूर फुलतात, पण दोन्ही अंगभर विषारी. लहान मुलं असलेल्या घरात, विशेषतः बिट्टीची फळं हाताशी येतील अशा जागी, त्या लावू नयेत.

मोगऱ्याला फुलं येत नाहीत ही तक्रार घरोघरी ऐकू येते, आणि तिचं कारण बहुधा अतिलाडाचं असतं. डिसेंबरमध्ये पाणी कमी करत आणावं, जानेवारीत पानं उतरवून तिसरा हिस्सा छाटणी करावी, फेब्रुवारीत शेणखत घालून भरपूर पाणी सुरू करावं. ताण दिल्याशिवाय मोगरा बहर धरत नाही. फुलशेती करणारे हेच करतात.

हंगामी फुलांबद्दल फार लिहीत नाही. ती दरवर्षी बदलता येतात, चुकांना क्षमा असते. पावसाळ्यासाठी झेंडू, तेरडा, झिनिया जूनमध्ये पेरावेत. थंडीसाठी पिटुनिया, अ‍ॅस्टर, फ्लॉक्स यांचं बी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टाकावं. शेवंतीची तेवढी एक गोष्ट सांगायला हवी. शेवंतीला कळ्या धरण्यासाठी लांब, अखंड रात्री लागतात. रस्त्यावरच्या दिव्याचा झोत रात्रभर झाडावर पडत असेल तर तिला रात्र झाल्याचं कळतच नाही आणि ती नुसतीच पानं वाढवत राहते. कुंडी अंधाऱ्या बाजूला हलवली की कळ्या येतात.

रोप विकत घेताना सर्वात उंच रोप घेऊ नये. लहान पिशवीत उंच झालेलं रोप म्हणजे बरेच दिवस तिथेच अडकलेलं रोप. बुंधा जाड, पानं निरोगी आणि पिशवीच्या तळातून मुळं बाहेर न आलेली असं मध्यम रोप निवडावं. आंबा किंवा सोनचाफ्याचं कलम असेल तर जोड पक्का आहे ना, आणि जोडाच्या खालून खुंटाला फूट आली नाही ना, हे पाहावं. ती फूट वेळीच काढली नाही तर कलम मरतं आणि रानटी खुंट वाढतो. आपण मात्र वर्षानुवर्षं फळाची वाट पाहतो.

खड्डा मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्यावा. शेतीच्या शिफारशीत आंब्यासाठी तो मीटरभर लांब-रुंद-खोल सांगतात. भुसभुशीत जमिनीत लहान झाडाला दोन फूट पुरतो, मुरमाड जागेत मात्र काटकसर नको. वरच्या थराची माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून भरावं; कच्चं शेण घातलं तर हुमणी आणि वाळवीला आमंत्रण. वाळवीची जागा असेल तर मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड मिसळावी. मृगाच्या पहिल्या सरीला घाई करू नये. जमीन हातभर खोल ओली झाली, पावसाने जरा बस्तान बसवलं, की लावणी करावी. साधारण आर्द्राचे दिवस.

लावताना पिशवी ब्लेडने कापून काढावी, ओढून नाही. मातीची हुंडी फुटता कामा नये. तळाशी मुळं गोल गोल फिरलेली दिसली तर ती हाताने मोकळी करावीत किंवा तेवढी कापून टाकावीत. तशीच राहिली तर काही वर्षांनी तीच मुळं बुंध्याला आवळतात. पिशवीत मातीची जी पातळी होती, तीच जमिनीत राहिली पाहिजे. झाड भक्कम उभं राहावं म्हणून बुंधा खोल पुरण्याची सवय फार आहे, आणि त्याने साल कुजते. कलमाचा जोड तर जमिनीच्या वर वीतभर हवाच. आधाराची काठी हुंडीच्या बाहेर रोवावी आणि सुतळीचा सैल आठाचा फास द्यावा. बुंध्याभोवती वीतभर जागा सोडून पालापाचोळ्याचं आच्छादन पसरावं. हा पाचोळा जाळणं म्हणजे विकतचं खत जाळणं.

पाणी रोज तांब्याभर घालण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा आळं भरून द्यावं, म्हणजे ओल खोल जाते आणि मुळंही तिच्यामागे खोल उतरतात. रोज थोडं पाणी मिळणाऱ्या झाडाची मुळं वरच राहतात. आणि झाड वाढेल तसं आळं बुंध्यापासून दूर सरकवत न्यावं, कारण पाणी पिणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराखाली असतात.

रोपं पावसाळ्यात क्वचित मरतात. मरतात ती पहिल्या आणि दुसऱ्या उन्हाळ्यात, घरातली माणसं सुटीत गावाला गेलेली असताना. यंदा जूनमध्ये झाड लावायचं ठरवलं असेल, तर पुढच्या मे महिन्यात त्याला पाणी कोण घालणार, हे आजच ठरवून ठेवा.